वसईचे विजेते चिमाजी अप्पा

बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेस तारापूरच्या बाजूला निघालें म्हणजे हल्लीं प्रथम कारखान्यांचीं धुराडीं दृष्टीस पडतात, आणि समुद्राच्या अंगास अणुविजेचें केंद्र दिसतें. या साऱ्या नव्या गोष्टींपलीकडे, तारापूर गांवांत खाडीच्या कांठीं, एक जुना दगडी किल्ला आहे. तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस गेलें तर शिरगांव, माहीम व केळवें येथें असेच तट आढळतात. उत्तरेस डहाणूस एक आहे, आणि पूर्वेस डोंगरांत अशेरीगड आहे. आमचे पुष्कळ वाचक बाजारहाटास जातांना या तटांखालून नित्य जात येत असतील. हे सर्व किल्ले एके काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होते, आणि इ. स. १७३९ च्या आरंभीं थोडथोडक्या दिवसांच्या अंतरानें ते एकामागून एक त्यांच्या हातून गेले. ते ज्यानें घेतले त्या पुरुषाचें वय त्या वेळीं बत्तिसाच्या आंतबाहेर होतें, व प्रकृति नेहमींची नाजूक. पुढें दोन वर्षेंही तो जगला नाहीं. त्याचेंच चरित्र आज आम्हीं सांगावयास घेतलें आहे.

चिमाजी अप्पा पेशव्यांशीं ख्रिस्ती वाचकांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. वसईच्या मोहिमेची हकीकत या भागांत अजून तोंडोतोंडीं चालते, आणि पुष्कळदां ती अशा थाटानें सांगण्यांत येते कीं, ऐकणाऱ्या ख्रिस्ती माणसानें मान खालीं घालावी. तुमचा धर्म फिरंग्यांच्या तलवारीनें आला आणि अप्पांच्या तलवारीनें गेला, असा त्या सांगण्याचा मथितार्थ असतो. यांत कांहीं अंश खरा आहे, तो आम्ही झांकणार नाहीं. परंतु जो अंश खोटा आहे तो खुद्द चिमाजी अप्पांच्या कृतीनेंच खोटा ठरतो, आणि हें आमच्या उपदेशक बंधूंस माहीत असणें बरें.

चिमाजींचे वडील बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे कोंकणांतील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या त्रासानें त्यांस गांव सोडावा लागला. ते देशावर आले, आणि लेखणी व शहाणपण यांच्या बळावर चढत चढत इ. स. १७१३ त शाहू महाराजांचे पेशवे झाले. आई राधाबाई ही बर्वे घराण्यांतील. मोठी करारी व व्यवहारज्ञ बाई होती. थोरला मुलगा बाजीराव इ. स. १७०० त जन्मला. धाकट्याचें मूळचें नांव अंताजी, पण घरांत व बाहेर चिमाजी हेंच नांव रूढ झालें. त्याचा जन्म इ. स. १७०७ चा. भिऊबाई व अनुबाई अशा दोन बहिणी होत्या. अनुबाईचे यजमान इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे. त्यांचें नांव पुढें यावयाचें आहे. इ. स. १७२० त बाळाजीपंत सासवडास वारले, तेव्हां बाजीराव एकोणीस वर्षांचे व चिमाजी सुमारें तेरा वर्षांचे होते.

शाहू महाराजांनीं पेशवाईचीं वस्त्रें बाजीरावांस दिलीं. तेव्हांपासून वीस वर्षें या दोघां भावांनीं मिळून एकच संसार केला असें म्हटलें तरी चालेल. बाजीराव म्हणजे वाऱ्याचा घोडा. आज खानदेशांत तर उद्यां माळव्यांत. शत्रूस पत्ता लागण्यापूर्वीं त्याच्या पाठीशीं जाऊन उभे राहावयाचें, ही त्यांची रीत. परंतु घोडा धांवतो तेव्हां त्याच्या दाणावैरणीची तजवीज कोणी तरी मागें बसून करीत असतो. साताऱ्यास महाराजांची मर्जी सांभाळणें, सरदारांचीं भांडणें मिटविणें, सावकारांकडून पैसा उभा करणें, हीं कामें पुष्कळशीं चिमाजी अप्पांकडे असत. थोरला रागावून ज्यास दुखवी, त्याची समजूत धाकट्यानें घालावी असा प्रकार. दोघां भावांत मोठेपणाचा वाद निघाल्याचें आढळत नाहीं. राजवाड्यांत ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हें ज्यांस राजांच्या गोष्टी ठाऊक आहेत त्यांस सांगावयास नको. पवित्र शास्त्रांतील दाविदाच्या पुत्रांची कथा वाचली म्हणजे पुरे.

यावरून अप्पा केवळ घरीं बसून हिशेब पाहणारे होते असें मात्र कोणी समजूं नये. इ. स. १७२८ च्या नोव्हेंबरांत माळव्यांत अमझेऱ्याजवळ बादशाही सुभेदार गिरिधर बहादूर याशीं त्यांनीं लढाई दिली. तींत तो सुभेदार व त्याचा नातलग दया बहादूर हे दोघेही पडले, आणि माळव्याचा दरवाजा मराठ्यांस उघडा झाला. इ. स. १७३० च्या ऑगस्टांत त्यांची पहिली बायको रखमाबाई हिला मुलगा झाला, आणि महिना भरण्यापूर्वींच ती वारली. तो मुलगा सदाशिव. आईविना राहिलेल्या त्या पोरास आजी राधाबाईनें वाढविलें. पुढें इ. स. १७३६ च्या एप्रिलांत अप्पांनीं कोंकणांत उतरून रेवसच्या बाजूस सिद्दी सात नांवाच्या नामांकित सरदारास लढाईंत मारिलें. ज्या सिद्दीच्या भयानें बापास गांव सोडावा लागला, त्याच्या सेनापतीचा मुलानें असा निकाल लाविला.

आतां पोर्तुगीजांकडे वळलें पाहिजे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याजपासून इ. स. १५३४ त त्यांस वसई व तिच्या खालचा मुलूख मिळाला. दमण त्यांनीं इ. स. १५५९ त घेतलें, आणि मग साष्टीपासून दमणपर्यंतचा किनारा त्यांचा उत्तर प्रांत म्हणून दोनशें वर्षें चालला. वसई त्याची राजधानी. तेथें मोठमोठीं ख्रिस्तमंदिरें, मठ व विद्यालय होतें. फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेले होते. या दोनशें वर्षांत जे ख्रिस्ती झाले ते सारे जुलमानें झाले असें म्हणणें अन्यायाचें होईल. वसईस एका हिंदी मातेच्या पोटीं जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा गृहस्थ जपानांत गेला, आणि इ. स. १५९७ त नागासाकी येथें आपल्या विश्वासासाठीं क्रुसावर मेला. जुलमानें धरून आणलेला मनुष्य असा मरत नसतो.

पण जुलूम होता, हेंही तितकेंच खरें. पोर्तुगालच्या राजाच्या हुकुमानें, ज्या हिंदु मुलांचे आईबाप मेले त्यांस सरकारनें ताब्यांत घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावें असा कायदा झाला होता. आजा, चुलता, मामा दारांत उभे असतां मुलास उचलून नेलें, तर त्या घरांत ख्रिस्ताच्या नांवाविषयीं काय भावना उत्पन्न होईल याचा वाचकांनीं विचार करावा. गोव्यास इ. स. १५६० पासून धर्मन्यायसभा बसली होती, तिचा हात या प्रांतापर्यंत पोंचे. देवळें पाडलीं गेलीं. लग्नमुंजी उघडपणें करण्यास बंदी झाली. आणि हीं कामें करणारे आपण प्रभूची सेवा करीत आहों असें समजत होते. आमच्या मतें त्यांनीं सुवार्तेच्या वाटेंत जेवढे धोंडे टाकिले तेवढे तिच्या उघड शत्रूंनींही टाकिले नसतील.

या गांजलेल्या रयतेचे कांहीं पुढारी अखेर पुण्यास गेले. भिवंडीजवळच्या अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ, आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, हीं नांवें त्यांत मुख्य होत. अंताजी रघुनाथ यांस उघडपणें धर्मविधि केल्यावरून बहुत छळ सोसावा लागला होता. या लोकांनीं पेशव्यांस वाटा दाखविल्या, नाव्या व वाटाडे मिळवून दिले, आणि कोणत्या किल्ल्यांत किती माणूस आहे याची खबर आणिली. पेशव्यांस केवळ रयतेची कींव आली म्हणून मोहीम निघाली असें मात्र नव्हे. साष्टी बेट म्हणजे पिकाऊ मुलूख, आणि वसईचीं बंदरें म्हणजे जकातीचा पैसा. शिवाय पोर्तुगीज ठाण्यास नवा किल्ला बांधूं लागले होते; तो पुरा झाला असता तर खाडीपलीकडे पाऊल टाकणें कठीण पडतें. तेव्हां धर्माचें दुःख, राज्याचा लोभ व वेळेची निकड अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

इ. स. १७३७ च्या वसंतांत मराठे अकस्मात् घाट उतरले, आणि अर्धवट बांधलेला ठाण्याचा किल्ला फारशा प्रयासाविना त्यांच्या हातीं आला. साष्टीचा बहुतेक भाग गेला. वैतरणेच्या मुखाशीं अर्नाळ्याचें बेट मराठ्यांनीं घेतलें. परंतु खुद्द वसई पडली नाहीं. पावसाळ्यांत शंकराजी केशव फडके यांनीं तिला शिड्या लावून पाहिल्या. पुष्कळ माणूस खर्चीं पडलें आणि हातीं कांहीं लागलें नाहीं. पुढच्या हिंवाळ्यांत माहीमास वेढा घातला, तोही फसला, व कित्येक चांगले सरदार तेथें मेले. त्याच वेळीं बाजीराव भोपाळाजवळ निजामास कोंडून बसले होते, त्यामुळें कोंकणाकडे अधिक फौज येणें शक्य नव्हतें.

येथें आमच्या मतें चिमाजी अप्पांची खरी परीक्षा झाली. कोंकणांतील लढाई घोडेस्वारांची नव्हे. खाड्या, दलदल, मिठागरें व तटाशीं येऊन भिडलेला समुद्र. घोडा तेथें निरुपयोगी. पोर्तुगीजांचे किल्ले जमिनीकडून कोंडले तरी समुद्रावाटे त्यांस धान्य, दारू व ताजी माणसें पोंचत. तेव्हां भिंतीवर डोकें आपटण्यापेक्षां भिंतीच्या मुळाशीं जाणारें पाणी तोडावें, असा विचार अप्पांनीं केला. ठाणें आपल्याकडे राखून साष्टीची वाट बंद करावयाची. वसईच्या उत्तरेकडील एकूण एक किल्ला आधीं घ्यावयाचा. गोव्याहून कुमक निघूं नये म्हणून मेहुणे व्यंकटराव घोरपडे यांनीं खुद्द गोव्याच्या मुलुखांत शिरावयाचें. मानाजी आंग्रे यांच्या गलबतांनीं समुद्रावर मदत करावयाची. आणि मुंबईच्या इंग्रजांस तटस्थ ठेवावयाचें. ही सर्व सूत्रें जुळविण्यास वर्ष लागलें. बाजीरावांच्या हातून एवढा धीर धरवला असता कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

इ. स. १७३८ च्या अखेरीस अप्पा मोठ्या फौजेनिशीं पुन्हां खालीं उतरले. पोर्तुगीजांचा उत्तरेचा सेनापति पेद्रो द मेलो हा ठाणें परत घेण्यास आला असतां डिसेंबरांत तोफेच्या गोळ्यानें मेला. मग अप्पा किनाऱ्यानें उत्तरेस गेले. इ. स. १७३९ च्या जानेवारींत माहीम पडलें. वर्षापूर्वीं जेथें हार खाल्ली होती तेंच हें ठिकाण. माहीम गेल्यावर केळवें व शिरगांव यांस फार वेळ लागला नाहीं, डहाणूही गेलें. मग तारापूर राहिलें.

तारापूरच्या लोकांनीं आपल्या किल्ल्याची ही हकीकत लक्षपूर्वक वाचावी. तटाखालीं सुरुंग खणून त्यांत दारू भरण्यांत आली. ते सगळे उडाले नाहींत. जे उडाले त्यांनीं तटास खिंडारें पडलीं, आणि त्या खिंडारांतून व शिड्यांवरून मराठे आंत शिरले. आंतले लोक पळाले नाहींत, शरणही आले नाहींत. हातघाईची लढाई झाली. अप्पांनीं त्या लढाईसंबंधीं जें लिहून कळविलें त्यांत शत्रूच्या मर्दुमकीची कदर केली आहे. आजवर अनेक लढाया झाल्या पण असें झुंज पाहिलें नव्हतें अशा अर्थाचा त्यांचा अभिप्राय होता. या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर यांस तोंडावर गोळी लागून ते पडले. बाजी भिवराव पेशव्यांच्या घरांत भावासारखे वागविले जात असत. त्यांचें जाणें दोघांही भावांस फार लागलें. तारापूर मिळालें खरें, परंतु त्या दिवशीं छावणींत आनंदापेक्षां रडणेंच अधिक असावें. लवकरच अशेरीगडही आला, आणि वसई एकटी राहिली.

वसईचा किल्ला तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेला. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस व पूर्वेस खाडी. चढून जाण्यास जागा काय ती उत्तरेची, आणि ती सारी वाळू. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे कोंकणांतल्या ऐन उन्हाळ्यांत, मराठ्यांनीं त्या वाळूंत मोर्चे खणीत तटाकडे सरकावें आणि वरून तोफा, बंदुका व जळते पदार्थ यांचा वर्षाव व्हावा, असें तीन महिने चाललें. पोर्तुगीजांचा किल्लेदार सिल्व्हेरा मेनेझेस वेढ्यांतच मारला गेला, तरी बाकीच्यांनीं किल्ला सोडिला नाहीं. मुंबईच्या इंग्रजांनीं त्यांस थोडा दारूगोळा दिला, माणसें दिलीं नाहींत. शेवटीं ख्रिस्तमंदिरांतील चांदीचीं पात्रें व तोफा गहाण ठेवून पैसा उभा करण्याची पाळी आली. दोन ख्रिस्ती राष्ट्रें एकमेकांशेजारीं होतीं, पण एक बुडत असतां दुसऱ्यानें आपला व्यापार पाहिला. इंग्रजांस त्या वेळीं पोर्तुगीजांपेक्षां मराठ्यांचें भय अधिक होतें.

मे महिन्याच्या मध्यास शेवटचा हल्ला झाला. उत्तरेकडील बुरुजांखालीं सुरुंग पेरले होते. कांहीं उडाले, खिंडार पडलें, आणि लोक आंत धांवले. इतक्यांत मागून दुसरा सुरुंग उडून धांवणारांवरच दगडमाती कोसळली व शेंकडों माणसें आपल्याच दारूनें मेलीं. तरी हल्ला थांबला नाहीं. दोन दिवसांनीं किल्ल्यावर तहाचें निशाण लागलें. या वेढ्यांत मराठ्यांचे पांच हजारांच्या सुमारास लोक मेले वा जखमी झाले, आणि पोर्तुगीजांचे आठशें, असा तत्कालीन हिशेब आहे. वसई हातची जाते असें वाटून अप्पांनीं आपलें डोकें तोफेच्या तोंडीं देऊन किल्ल्यांत टाका असें सरदारांस सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तसेंच किल्लेदाराच्या बायकोस त्यांनीं सन्मानानें परत पाठविल्याचीही एक गोष्ट सांगतात. आम्ही या दोहोंवर भार ठेवीत नाहीं. अप्पांचा मोठेपणा दाखविण्यास तहाचीं कलमें पुरेशीं आहेत, आणि तीं कागदावर आहेत.

तीं कलमें अशीं होतीं. किल्ल्यांतील शिपायांनीं हत्यारांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकावीत बाहेर पडावें. ज्यांस जावयाचें असेल त्या सर्वांस आठ दिवसांची मुदत, आणि आपली जंगम मालमत्ता नेण्यास मोकळीक. जे राहूं इच्छितील त्यांच्या धर्मास हात लावूं नये. त्यांनीं आपली उपासना पूर्वींप्रमाणें चालवावी, आणि त्यासाठीं कांहीं मंदिरें राखावीं. हीं कलमें कोणत्या स्थितींत मान्य झालीं हें पाहिलें पाहिजे. हजारों लोक मेलेले. बाजी भिवराव गेलेले. अंताजी रघुनाथांसारखे छळलेले लोक छावणींत. दोनशें वर्षांचा सूड घेण्यास याहून चांगली वेळ कोणती? मनांत आणिलें असतें तर पोर्तुगीजांनीं हिंदूंस जे नियम लाविले होते तेच उलट फिरवून ख्रिस्त्यांस लाविले असते, आणि त्या काळच्या जगानें त्यांस नांव ठेविलें नसतें. अप्पांनीं तें केलें नाहीं. पोर्तुगीज लोक आठ दिवसांत वाजतगाजत बाहेर पडले व नावांनीं निघून गेले.

या एका मोहिमेनें पोर्तुगीजांचीं सुमारें ३४० गांवें व वीस किल्ले गेले. चौलही पुढच्या वर्षीं गेलें. उत्तरेस दमण त्यांजकडे राहिलें.

मागें राहिलेल्या ख्रिस्त्यांचें काय झालें? युरोपियन पाद्री निघून गेले. गोव्याकडील एतद्देशीय पाद्री राहिले, आणि त्यांनीं तुटपुंज्या साधनांवर मंडळ्या सांभाळल्या. मोठीं मंदिरें ओस पडलीं. वसईच्या किल्ल्यांत त्यांच्या भिंती आजही उभ्या आहेत. कांहीं कुटुंबें प्रायश्चित्त घेऊन पूर्वींच्या जातींत परत गेलीं. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्यांस हाताला धरून आणिलें होतें ते हात सुटतांच निघाले. परंतु पुष्कळ राहिले. ना राजाचें पाठबळ, ना जहागीर, ना नोकरीची आशा; शेती करावी, मासे मारावे, आणि रविवारीं उपासनेस जमावें. राजा हिंदु, राज्य ब्राह्मणांचें, आणि तरीही वसईच्या गांवोगांवीं ख्रिस्ताचें नांव पिढ्यान् पिढ्या चाललें. त्यांचा पंथ आमच्याहून निराळा आहे. पण तलवारीनें आलेला धर्म तलवारीबरोबर जातो असें म्हणणारांस दाखविण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. त्यांच्यांतलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते.

मंदिरांतील घंटा मात्र गेल्या. विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनीं त्या देशावर नेल्या व आपल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरास एक आहे. वांईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी आहे, तिच्यावर इ. स. १७०७ हें साल व बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. देवीस केलेला नवस फेडावा म्हणून वज्रेश्वरीचें देऊळ बांधलें गेलें. उपासनेची मोकळीक देणें व घंटा उचलून नेणें, या दोन्ही गोष्टी एकाच मोहिमेंत झाल्या. एक सांगून दुसरी दडवूं नये.

अप्पांच्या चरित्रांत आणखी एक गोष्ट आहे, ती त्यांच्या चाहत्यांस सांगावयास जड जाते. बाजीरावांनीं मस्तानी नांवाच्या स्त्रीस जवळ केलें होतें, आणि त्यावरून पुण्याच्या घरांत व ब्राह्मणांत मोठी खळबळ होती. बाजीराव बाहेर गेले असतां मस्तानीस पुण्यांत अटकेंत ठेवण्यांत आलें. तें पुतण्या नानासाहेब याचें काम, पण चुलत्याची त्यास संमति होती. घराण्याची अब्रू राखण्यासाठीं केलें असें म्हणतात. ज्या मनुष्यानें शत्रूच्या बायकामुलांस सुखरूप जाऊं दिलें त्यानें घरच्या एका बाईस कोंडण्यास मान डोलवावी, हें पाहून मन खिन्न होतें. भावाचें अंतःकरण मात्र यामुळें कायमचें दुखावलें. तरी इ. स. १७४० च्या आरंभीं दोघे भाऊ निजामाचा मुलगा नासिरजंग याजविरुद्ध शेवटचे एकत्र लढले. नंतर बाजीराव नर्मदेकडे गेले, व अप्पा नानासाहेबांस घेऊन कुलाब्याकडे आंग्रे बंधूंचा तंटा मिटविण्यास आले. तेथेंच त्यांस कळलें कीं, २८ एप्रिल रोजीं नर्मदेकांठीं रावेरखेडीस बाजीराव वारले.

त्या धक्क्यांतून अप्पा सावरले नाहींत. छातीचें दुखणें पूर्वींपासून होतें, तें बळावलें. आजारी असतांही त्यांनीं एक काम तडीस नेलें. पेशवाई बाजीरावांच्या मुलास मिळूं नये असे खटाटोप साताऱ्यास चालले होते. अप्पांनीं स्वतःसाठीं कांहीं मागितलें नाहीं; पुतण्याची बाजू धरिली, आणि एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांस वस्त्रें मिळालीं.

१७ डिसेंबर १७४० रोजीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं चिमाजी अप्पा वारले. पुण्यास मुठेच्या कांठीं ओंकारेश्वराचें देऊळ आहे, त्याच्या बांधकामास त्यांनींच द्रव्य दिलें होतें; तेथें त्यांची समाधि आहे. त्यांची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. ज्या चालीविरुद्ध पुढें विल्यम केरी व राममोहन रॉय झगडले, आणि जी इ. स. १८२९ त कायद्यानें बंद होऊं लागली, त्याच चालीनें या तरुण बाईचा जीव घेतला.

मुलगा सदाशिव त्या वेळीं दहा वर्षांचा होता. जन्मतांच आई गेलेली, आतां बापही गेला. मागें म्हातारी आजी राधाबाई राहिली. हाच मुलगा पुढें सदाशिवरावभाऊ म्हणून प्रसिद्धीस आला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणांत पडला. तारापूरचा किल्ला पुढें पेशव्यांनीं विकाजी मेहेरजी नांवाच्या तारापूरच्याच एका पारशी गृहस्थास इनाम दिला. किल्ल्याच्या आंत आतां झाडें आहेत, आणि तटाबाहेर खाडींतून मच्छीमारांच्या होड्या भरतीओहोटीबरोबर जात येत असतात.